तेवीस कुणाकडं होता

धम्मानंद सरांना एक खोड होती. कुठलाही आकडा दिसला की त्याला भाग लावून बघायचा. एसटीच्या पाटीवरचा नंबर घ्या, लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक घ्या, खताच्या पोत्यावर छापलेला घ्या, त्यांच्या तावडीतून काही सुटायचं नाही. मानवतच्या स्टँडवर गाडी समोरून निघून जायची आणि हा माणूस तिच्याच नंबराला मनात एकोणीसनं भागत उभा. घरचे बेजार. गणिताच्या मास्तराला एवढी खोड चालते म्हणा, पण ह्या खोडीपायी त्यांनी जो घोळ घातला त्याला तोड नाही, आणि तो घोळ घालत असताना अख्खा गाव कौतुकानं टाळ्या वाजवत होता.

गाव मानवत तालुक्यातलं. नाव सांगत नाही, उगीच गावकऱ्यांचे फोन यायचे. गावात दहावीपर्यंत शाळा, आणि शाळेत गणिताला धम्मानंद सर. आठवीच्या वर्गाला जानेवारीत त्यांनी मूळ संख्या शिकवायला घेतल्या. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच भाग जात नाही, ती मूळ; बाकी सगळ्या संयुक्त. तेरा मूळ, पंधरा संयुक्त. पोरांना तेवढं कळलं. मग सुकेशनी उठली. सिताराम गवंड्याची पोर. बोलायला कमी, पण आकडेमोडीत वर्गात तिच्या नखाची सर कुणाला नाही.

"सर, बाबासाहेबांची जन्मतारीख मूळ हाय का?"

"म्हंजे?"

"चौदा, चार, अठराशे एक्क्याण्णव. सगळं जोडून एकच आकडा केला तर."

सरांनी फळ्यावर लिहिलं, १४०४१८९१. आणि लिहून झाल्यावर फळ्याकडं बघतच राहिले. आयुष्यभर जगातले सगळे आकडे फोडत आले होते, आणि हा एकदाही कसा सुचला नाही? आजानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, घरात ही तारीख देवळातल्या घंटेसारखी नव्हे तर श्वासासारखी सहज, म्हणूनच बहुतेक तिच्याकडं आकडा म्हणून बघायचं राहून गेलं होतं. शेवटचा अंक एक, म्हणजे विषम. दोननं आणि पाचनं भाग जाणार नाही. अंकांची बेरीज केली, अठ्ठावीस आली. तीननंही जाणार नाही. आणि अठ्ठावीस म्हटल्यावर सर टेबलावर हात आपटूनच बोलले, "पोरांनो, अठ्ठावीस ही परिपूर्ण संख्या हाय! एक, दोन, चार, सात, चौदा. ती स्वतः सोडून तिचे सगळे विभाजक मिळवा, पुन्हा अठ्ठावीसच. अशा संख्या लय कमी असतात!"

पोरांना परिपूर्णचं फार काही कळलं नाही, पण सर एवढे खुशीत आले म्हणजे काहीतरी भारी असणार, म्हणून त्यांनीही बाकं बडवली.

आता मोबाईलला विचारलं असतं तर डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं असतं. पण सरांचा कायदा होता. "मोबाईलनं सांगितलेलं मोबाईलला ठाऊक. तुमाला काय ठाऊक? हातानं करा." एवढी मोठी संख्या हातानं तपासायची म्हणजे खायचं काम नाही. ती फुटणार असेल तर दोन तुकड्यांतला धाकटा तुकडा तिच्या वर्गमुळाच्या आतच सापडतो, म्हणजे तीन हजार सातशेच्या थोडं पुढंपर्यंत जेवढ्या मूळ संख्या आहेत तेवढ्यांनी भाग लावून बघायचा. अशा पाचशेच्या वर निघाल्या. सरांनी त्या वर्गात वाटून दिल्या. ज्यांचा हजेरी क्रमांकच मूळ होता त्यांना तो आधी दिला. एकतीस नंबरच्या हरिओमला एकतीस, तेवीस नंबरच्या सुकेशनीला तेवीस. वर मोठाल्या डझनभर प्रत्येकाला.

मग काय विचारता! आठवडाभर त्या वर्गात दुसरं काही झालं नाही. विज्ञान शिकवणारे गोपाळ सर तास घ्यायला यायचे आणि पोरं मान वर करायची नाहीत. पोरांनी आपापल्या संख्या अशा पोटाशी धरल्या की डब्यातली भाकर वाटून खातील, पण माझा एकतीस आणि तुझा सदतीस हे वेगळं. कुणाचा भागाकार संपला की तो उठून ओरडायचा, "सर, माझा न्हाई गेला!" आणि वर्ग टाळ्या वाजवायचा. पाटलाच्या घरचा हरिओमसुद्धा. एकतीसनं भाग गेला नाही म्हणून त्याला कोण आनंद झाला! सरांना ते बघून भरून आलं होतं. एरवी जयंतीच्या वर्गणीला ह्या पोरांच्या घरची दारं अर्धी उघडतात आणि अर्धी नाहीत, आणि इथं सगळी एका तारखेला वाचवायला बसलेली.

सुकेशनी उठली तेव्हा बऱ्याचशा पोरांचं सांगून झालं होतं. "तेवीस न्हाई जात सर. बाकी सात." टाळ्या झाल्या. ती बसली.

सरांनी मोठ्या संख्यांचे भागाकार घरी बसून वरवर चाळले. लहान तपासले नाहीत. सुकेशनीचा भागाकार कधी चुकला होता का? आणि खरं सांगायचं तर त्यांना तपासायचाच नव्हता. मन एकदा हो म्हणून बसलं की माणूस पुढचं बघत नाही, मग तो गणिताचा मास्तर का असेना. शनिवारी त्यांनी फळ्याएवढ्या अक्षरात लिहिलं: १४०४१८९१ ही मूळ संख्या आहे.

बातमी गावात पसरायला संध्याकाळ लागली नाही. जयंती मंडळाचा अध्यक्ष धम्मदीप, मानवतला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, तो तर सरांच्या घरीच आला. "सर, जगात कशानंच भाग जात न्हाई म्हंता? मग हे भिंतीवर पायजे!" विहाराची पुढची भिंत तशीही नव्यानं बांधायला काढली होती. तिच्यावर निळ्या फरशीच्या तुकड्यांत ती संख्या बसवायची आणि खाली ओळ लिहायची, 'ही मूळ संख्या आहे. हिला कशानेही भाग जात नाही.' चौदा एप्रिलला सकाळी झेंडावंदन झाल्यावर सरांनी माईकवरून तिचा अर्थ सांगायचा. काम सिताराम गवंड्याकडं दिलं. त्यानं मजुरी घेणार नाही म्हणून सांगून टाकलं.

एप्रिल उजाडला. शाळा सकाळची झाली. अकरालाच ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसेना. सर घरी जाता जाता विहारापाशी थांबले. वरचे आकडे बसवून झाले होते, नीट, एका रेषेत, आणि सिताराम गोणपाट डोक्यावर घेऊन खालच्या ओळीची जागा घासत होता.

"जयभीम सर. बगा, सरळ हाय का?"

"जयभीम. लय सुरेख झालंय, सितारामभाऊ."

"सर, एक इचारू का? राग नका मानू." सितारामनं थापी बाजूला ठेवली. "येणारा-जाणारा मला इचारतो, भाग जात न्हाई म्हंजे काय? मी सांगतो, आमच्या सुकेशनीनं लावून बघितलाय, तेवीसचा तिचा होता. पण मला स्वतःला दिसलंच न्हाई कधी भाग न जाणं. एकदा करून दावा की."

मास्तराला ह्यापेक्षा गोड विनंती दुसरी नसते. बाजूच्या कोऱ्या गिलाव्यावर सरांनी विटेच्या तुकड्यानं आकडा लिहिला. "तुमच्या पोरीचाच घेऊ. तेवीस." आणि मोठ्यानं म्हणत करायला लागले. एकशे चाळीसात तेवीस सक एकशे अडतीस, उरले दोन. वरून चार घेतले, चोवीस, एकदा गेला. पुढं अकरा, त्यात जात नाही, शून्य. मग एकशे अठरा. मग एकोणचाळीस. सिताराम लहान पोरासारखा ओठ हलवत मागं म्हणत होता. शेवटचा एक खाली उतरवला, झाले एकशे एकसष्ट.

"तेवीस साती..." सर म्हणाले आणि थांबले.

तेवीस साती एकशे एकसष्ट. हे पाढ्यात आहे. आठवीच्या पोराला नव्हे, चौथीच्या पोराला येतं. हातानं आपोआप वजा केलं आणि खाली शून्य लिहिलं गेलं.

"शून्य आलं," सिताराम म्हणाला. "ते बरं का वंगाळ, सर?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सितारामच्या बादलीतलं ओलं फडकं उचललं आणि गिलाव्यावरचं सगळं पुसून टाकलं. "मधी कुठंतरी चुकलं माझं. उन्हात डोकं चालंना. पुन्हा कधीतरी दावतो." एवढं बोलून ते निघाले, ते मागं वळून न बघता.

घरी येऊन पंख्याखाली बसून पुन्हा केला. पुन्हा शून्य. मग स्वतःचा कायदा मोडून मोबाईल काढला. सहा लाख दहा हजार पाचशे सतरा, पुढं दशांश चिन्ह नाही की काही नाही. १४०४१८९१ ही संयुक्त संख्या होती. पहिल्या नऊ मूळ संख्यांच्या आतच ती फुटत होती, आणि पाचशे संख्यांचा डोंगर पोरांकडून खोदून घेतला होता! पुढचा तुकडाही एकशे त्र्याहत्तरनं फुटत होता; म्हणजे पोरांचे मोठे भागाकारही कुठंतरी चुकले होते आणि चाळताना सरांना दिसले नव्हते. सर स्वतःवरच चडफडले. पण त्याहून एक गोष्ट त्यांना जास्त खुपली. सुकेशनी भागाकारात चुकत नाही. एकशे एकसष्टपाशी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी तिला पाण्याच्या टाकीपाशी थांबवलं. तिच्यापुढं खडू धरला. "तेवीसचा भागाकार पुन्हा करून दाव बरं."

तिनं खडू घेतला नाही. "करायची गरज न्हाई सर. जातो."

"जातो?"

"सहा लाख दहा हजार पाचशे सतरा." पोरीला पाठ होता तो आकडा.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिशी. लय बार केला. दर बारीला शून्यच."

"मग बाकी सात कुठून आणलीस?"

"मनानं."

सरांना राग यायला पाहिजे होता. पण तिचा चेहरा बघून राग कुठल्या कुठं गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. "कामून ग? असं कामून केलंस?"

सुकेशनी चपलेनं माती उकरत बोलायला लागली, आणि एकदा लागली ती थांबेना. "सर, कुणाचाच जात नव्हता. सगळे ओरडायले, टाळ्या वाजवायले. तुमी एवढं खूश. अन माझ्याच हातानं फोडायचं का? इचारलं मीच, अन फोडणारीबी मीच? माझा हात उठंना. मला वाटलं, तुमी तपासताल. तुमी सगळ्यांचं तपासता. मंग तुमीच म्हणताल, सुकेशनी चुकली, जातो बघ तेवीसनं. मंग मला चालत होतं. मी रोज वाट बघितली सर. तुमी तपासलंच न्हाई."

सर टाकीच्या कट्ट्यावर बसले. "अग, पंधराला तीननं भाग जातो म्हणून पंधरा काय लहान होतात का? भाग जाणं म्हंजे काय हार हाय का? आकडा आपल्या जागी हाय. माणूस तर आकड्याच्या कितीतरी वर हाय."

"ठाऊक हाय सर. आत्ता ठाऊक हाय. तवा न्हाई सुचलं." मग तिनं मान वर केली. "तुमी सांगणार का सगळ्यांना?"

"सांगावं लागंल."

"माझं नाव घेऊन?"

सरांनी हातातला खडू खिशात टाकला.

"पप्पा मारायचे न्हाईत," ती म्हणाली. "पण बोलायचे न्हाईत माझ्याशी. भिंतीपाशी येईल त्याला ते सांगायलेत, माझ्या पोरीचा तेवीस हाय म्हणून."

हा पेच होता. खरं सांगितलं नाही तर विहाराच्या भिंतीवर धडधडीत खोटी ओळ राहणार, आणि उद्या कुणीही टवाळ पोरगं मोबाईल काढून तिला तेवीसनं भागून व्हिडिओ टाकणार. आणि खरं सांगितलं की पहिला सवाल येणार तो हाच की तेवीस कुणाकडं होता. अख्ख्या गावाला ठाऊक, हजेरी क्रमांक तेवीस. पोरगी चौदा वर्षांची. दहावीनंतर तिला सेलूला सायन्सला घालायचं म्हणून सितारामनं आतापासून मन तयार केलेलं. भर सभेत, जयंतीच्या दिवशी, तिच्या नावानं कुजबुज सुरू झाली तर ते मन राहील का?

सरांनी गोपाळ सरांच्या कानावर घातलं. गोपाळ सर जमिनीवाल्या घरचे, पण धम्मानंद सरांचे जुने दोस्त. त्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "राहू द्या की तसंच. कोण बगायलंय? गावात कितीक देवळांवर काय काय लिहिलंय, त्याला कुणी भाग लावलाय का?"

"देवळाचं तुमी बघा. विहाराच्या भिंतीवर मी खोटं राहू देऊ? बाबासाहेबांच्या नावाखाली? ज्या माणसानं सगळं पडताळून घ्या म्हणून सांगितलं, त्याच्याच भिंतीवर न पडताळलेलं?"

"मग सांगा. पण पोरीला मधी आणू नका."

"तिला मधी न आणता कसं सांगू?"

गोपाळ सरांनी खांदे उडवले. "तुमी मास्तर हाव. चूक स्वतःवर घ्या. मास्तर चुकला म्हणलं की कुणाला नवल वाटत न्हाई."

बोलणं मस्करीत होतं, पण सरांना ते पटलं. पटलं कसलं, बुडत्याला काठ दिसावा तसं त्यांनी ते धरलं. मधल्या चार दिवसांत त्यांनी धम्मदीपला एकदा म्हणून बघितलं की खालची ओळ तूर्त थांबवू. धम्मदीपनं हसून वाटेला लावलं. "सर, पत्रकारांना बोलावलंय!" सितारामनं ओळ बसवली.

चौदा एप्रिल. पांढरी साडी, पांढरा सदरा, निळा झेंडा, सगळा गाव विहारापुढं. पाटलांचे आबासाहेब पाहुणे म्हणून खुर्चीवर बसलेले. वंदना झाली, झेंडा झाला, धम्मदीपनं सरांचं नाव पुकारलं. सर माईकपाशी गेले. आठवीची पोरं पुढच्या सतरंजीवर होती. मुलींच्या ओळीत सुकेशनी पांढरा पंजाबी ड्रेस घालून बसलेली.

"जयभीम," सर म्हणाले. "मी लांबण लावत न्हाई. भिंतीवरचा आकडा बरोबर हाय. खालची ओळ चूक हाय. ही मूळ संख्या न्हाई. हिला तेवीसनं भाग जातो."

धम्मदीप वायर सावरत होता तो तसाच थबकला. "काय म्हणायलात सर?"

"भाग जातो. मी स्वतः केलाय. कुणीबी करून बघा."

"तीन महिने गावाला नाचवलं की तुमी!" धम्मदीपचा आवाज चढला. आबासाहेबांनी मान दुसरीकडं वळवली, आणि ती वळवताना ते हसले की नाही, ह्यावर गावात अजून दोन मतं आहेत. पुरुषांच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "तेवीस कुणाकडं होता?"

आलाच तो सवाल. सरांनी पुढं बघितलं. सुकेशनीनं एक हात जमिनीवर टेकला होता. ती उठायच्या बेतात होती की नुसती ओढणी सावरत होती, ते सरांना आजही नक्की सांगता येत नाही. त्यांनी घाई केली.

"कुणाकडंच न्हवता," ते माईकमध्ये म्हणाले. "वाटताना तेवीस मी इसरलो. चूक माझी हाय. पोरांची न्हाई."

सुकेशनीनं हात उचलून मांडीवर घेतला.

पुन्हा गलका व्हायला लागला होता, पण तेवढ्यात बायकांच्या बाजूनं केशरबाई उठली. ऐंशीच्या पुढची म्हातारी, तिला अडवायची कुणाची छाती नाही. "आरं, जलम त्याच दिशी झाला न्हवं त्यांचा? का त्योबी बदलला?"

"त्याच दिशी, आजी," सर म्हणाले.

"मंग कशाला बोंबलायलाव? मास्तरानं चूक झाली म्हणून सांगितलं, लबाडी तर केली न्हाई! ती ओळ काढा अन जेवायला वाढा. पोरं उपाशी हायती."

सगळे हसले. धम्मदीपसुद्धा डोक्याला हात लावून हसला. बघता बघता प्रकरण मिटलं, एवढ्यावर! पाच दिवस सरांचा जीव टांगणीला लागला होता ते हेच. ह्या माणसांनी खरं काय ते ऐकून घेतलं असतं, सगळं, तेवीसच्या नावासकट, आणि मग जेवायला बसले असते. सर माईकपासून उतरले तेव्हा त्यांना हलकं वाटायला पाहिजे होतं. लोक येऊन हात मिळवत होते, "मोठं मन लागतं सर." प्रत्येक हाताबरोबर त्यांना जास्तच कसंतरी होत होतं.

जेवणं आटोपल्यावर सिताराम छिन्नी-हातोडा घेऊन खालची ओळ काढायला बसला. सर जवळ गेले. सितारामनं इकडं-तिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, तेवीस तिचाच होता. त्या दिशी तुमी गिलाव्यावर केलं, तवा शून्य मीबी बघितलं. मला बाकीचं कळत न्हाई, पण शून्य आल्यावर तुमचं तोंड कसं झालं ते कळलं. तिला मी काय बोललो न्हाई. बोलणारबी न्हाई. तुमी झाकलं, मीबी झाकलं. लय उपकार झाले."

सुकेशनी बापाला पाण्याची बादली घेऊन आली होती. तिनं ते ऐकलं. बादली खाली ठेवली, कुणाकडंच न बघता, आणि निघून गेली. सर तिला हाक मारणार होते. मारून काय बोलणार होते?

रात्रभर त्यांना एकच गोष्ट टोचत राहिली. वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं की तेवीस कुणाचा. त्या सगळ्यांच्या देखत, माईकवरून, जयंतीच्या दिवशी, सर खोटं बोलले होते. आणि एकाही पोरानं हूं का चूं केलं नव्हतं.

सकाळी ते ठरवूनच शाळेत गेले. आठवीचा पहिला तास. हजेरी न घेता ते फळ्यापाशी उभे राहिले. "काल मी तुमच्यापुढं खोटं बोललो," असं म्हणायचं होतं. पण पोरं एवढ्या मायेनं बघत होती की घशातून निघालं ते निराळंच.

"पोरांनो, खरं खरं सांगा. तेवीस कुणाकडं होता?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं, आणि हरिओम उठला. "कुणाकडंच न्हवता सर. तुमी वाटायचं इसरला होता."

"हो सर," मागून दुसरा म्हणाला. "इसरला होता." आणि मग सगळा वर्ग एका सुरात, टाळ्या वाजवायचा तेव्हासारखाच, "हो सर!"

हीच पोरं आठवडाभर मान मोडून एकेक बाकी तपासत बसली होती. "सुकेशनी," ते म्हणाले, "तू सांग. तू तरी सांग."

ती उठली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं.

"न्हवता सर."

"माझ्याकडं बघून सांग."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. "आता कसं बदलायचं सर? तुमीच सांगितलं की माईकवर. सगळ्यांनी ऐकलंय."